झाकणे आणि टाकून देणे

दारू हराम आहे यावर मुसलमानांत वाद नाही. वाद नसलेल्या गोष्टीवर लेख कशाला, असे कोणी विचारील. आमचा प्रश्न दारूचा नाही, दारू पिणाऱ्याचा आहे. तो आपल्याच मोहल्ल्यात राहतो. जमातीच्या यादीत त्याचे नाव आहे, त्याच्या बहिणीच्या निकाहाला आपण जेवून आलो आहोत, आणि तो मेला तर त्याच्या जनाजाला खांदाही आपणच देणार आहोत. पण जिवंतपणी त्याला सुटावेसे वाटले तर जायचे कोठे, हे त्याला कोणी सांगत नाही. सांगायचे तर आधी तो पितो हे मान्य करावे लागते, आणि मुसलमानाच्या घरात कोणी पीत नाही असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे.

आकडे पाहू. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात आणि त्यांतल्या ५ कोटी ७० लाखांच्या आसपास लोकांना त्यापायी मदतीची गरज आहे. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या दर ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचे त्या पाहणीत आढळले. हे सर्व धर्मांचे मिळून झाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुसलमान पुरुषांमधले पिण्याचे प्रमाण इतरांहून बरेच कमी दिसते, ही समाधानाची बाब आहे. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. आणि जेथे पिणारे थोडे असतात तेथे प्रत्येक पिणारा अधिक एकटा असतो. ज्या घरात पिणे चालते तेथे बायको नवऱ्याला 'जरा कमी करा' एवढे तरी म्हणू शकते. आपल्याकडे 'कमी करा' म्हणण्याची सोय नाही, म्हणून काहीच म्हटले जात नाही.

शिरपूरचे उदाहरण घेऊ. तापीच्या उत्तरेला, अरुणावतीच्या काठी वसलेले हे धुळे जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. सूतगिरणी, कॉलेजे आणि नाल्यांवर बंधारे बांधून पाणी अडवण्याचा 'शिरपूर पॅटर्न' यांमुळे त्याचे नाव राज्यभर झाले. मुंबई-आग्रा महामार्ग तालुक्यातून सातपुड्याकडे चढतो आणि पळासनेर ओलांडले की मध्य प्रदेश लागतो. पलीकडे सेंधवा. डोंगरात मोहाची दारू, गावात देशीची दुकाने, महामार्गावर ढाबे. शेजारच्या गुजरातेत १९६० पासून दारूबंदी असल्याने चोरट्या मालाची ये-जाही याच पट्ट्यातून होते. तो पकडल्याच्या बातम्या धुळ्या-जळगावच्या वर्तमानपत्रांत नेहमी येतात. अशा गावात दारू शोधावी लागत नाही. ट्रक चालवणारा, गॅरेजमध्ये काम करणारा, बाजारात फळे विकणारा मुसलमान याच रस्त्यावर पोट भरतो. त्याच्यापर्यंत दारू पोहोचली नसेल असे समजणे हा भाबडेपणा झाला.

असा एक माणूस कल्पनेने उभा करू. वय चाळीस, महामार्गालगत टायर-पंक्चरचे दुकान. ड्रायव्हर लोकांच्या संगतीत सुरुवात झाली. आता सकाळी हात थरथरतो आणि दोन घोट पोटात गेल्याशिवाय पाना धरता येत नाही. त्याला सोडायची आहे. आपल्या समाजात त्याच्यापुढे कोणते मार्ग आहेत?

पहिला मार्ग कसमेचा. घरचे लोक त्याला वुजू करायला लावतात, कुरआनावर हात ठेवून कसम घ्यायला लावतात. चार-सहा दिवसांनी कसम मोडते. दारूचा गुन्हा होताच, आता कसम मोडल्याचा गुन्हा वर चढतो आणि त्या ओझ्याखाली तो आणखी पितो. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सूरह अल-माइदामध्ये दारूची अंतिम मनाई ९० व्या आयतीत आहे. तिच्या लगेच आधीची, ८९ वी आयत मोडलेल्या कसमेच्या कफ्फाऱ्याची आहे: दहा गरिबांना जेवण किंवा वस्त्र, किंवा एका गुलामाची सुटका, आणि हे जमत नसेल तर तीन रोजे. दोन विषयांचा संबंध तफसीरकारांनी कसा लावायचा तो लावावा. आम्हाला एवढेच दिसते की, माणसाची कसम मोडते हे अल्लाहने गृहीत धरले आहे आणि मोडल्यानंतर परत येण्याची वाटही सांगून ठेवली आहे. आपण कसम घ्यायला लावतो, वाट सांगत नाही.

दुसरा मार्ग गंडा-ताविजाचा, आणि त्याचाच भाऊ म्हणजे जेवणात गुपचूप कालवण्याच्या पुड्या. 'पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा' अशा जाहिराती आपण पाहतो. दारू प्यायल्यावर त्रास व्हावा म्हणून डॉक्टर जे औषध देतात ते रोग्याला सांगून, त्याच्या संमतीने द्यायचे असते. न सांगता दिले आणि तो प्याला, तर जिवावर बेतू शकते. बायकोने मायेपोटी केलेले काम नवऱ्याचा घात करू शकते.

तिसरा मार्ग चिल्ल्याचा. 'चाळीस दिवस जमातीत पाठवा, सुधारेल.' या मार्गाची आम्ही थट्टा करणार नाही, कारण काही जणांना त्याचा खरोखर उपयोग होतो. का होतो? जुनी संगत सुटते, दिवसाला पाच वेळांची शिस्त लागते, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे चाळीस दिवस माणूस एकटा नसतो. म्हणजे औषध संगतीत आहे. पण एक्केचाळिसाव्या दिवशी तो त्याच गल्लीत, त्याच दुकानात, त्याच ड्रायव्हर लोकांत परत येतो आणि तेव्हा त्याच्याबरोबर कोणी नसते. चाळीस दिवसांत जे मिळाले ते दर आठवड्याला, वर्षानुवर्षे मिळण्याची सोय हवी.

अशी सोय जगात आहे आणि महाराष्ट्रातही आहे. १९३५ च्या मे महिन्यात बिल डब्ल्यू. नावाने पुढे ओळखला गेलेला एक अमेरिकन माणूस धंद्याच्या कामासाठी ओहायो राज्यातल्या अॅक्रन गावी आला होता. काही महिन्यांपासून त्याने दारू सोडली होती. काम फसले. हॉटेलात एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याने टेलिफोन उचलला आणि चर्चच्या लोकांना विचारत सुटला की, या गावात दारू न सुटणारा कोणी आहे का, मला त्याच्याशी बोलायचे आहे. त्यातून डॉ. बॉब नावाच्या सर्जनची गाठ पडली. दोघे तासन्‌तास बोलले. बिल त्याला उपदेश करायला गेला नव्हता. स्वतःची दारू दूर राहावी म्हणून त्याला दुसरा पिणारा हवा होता. त्या वर्षी १० जूनला डॉ. बॉबने शेवटचा पेला घेतला आणि तोच दिवस 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' म्हणजे ए.ए. या चळवळीचा जन्मदिवस मानला जातो. १९५७ साली ती भारतात आली. १९८१ मध्ये फादर जो परेरा यांनी वांद्र्यात कृपा फाउंडेशन सुरू केले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. मराठी वाचकाला ते अवचटांच्या लेखनातून परिचयाचे आहे. तेथे रुग्ण काही आठवडे राहतो, पण खरी परीक्षा तो घरी गेल्यावर सुरू होते हे ओळखून मुक्तांगणने पाठपुराव्याच्या बैठकांवर भर दिला आणि पत्नींसाठी 'सहचरी' हा वेगळा गट चालवला.

ए.ए.च्या सभेत काय होते हे ठाऊक नसल्यामुळे तिच्याविषयी नाना शंका घेतल्या जातात. म्हणून साधे वर्णन करतो. शाळेची, चर्चची किंवा दवाखान्याची एखादी खोली. दहा-पंधरा खुर्च्या, चहा. फी नाही, शेवटी डबा फिरतो, ज्याला जमेल तो त्यात काही टाकतो. येण्यासाठी अट एकच, पिणे थांबवण्याची इच्छा. आडनाव विचारत नाहीत, धर्म विचारत नाहीत. एकेक जण उठतो, नाव सांगतो, आपण दारुडे आहोत असे म्हणतो आणि आपली हकीकत सांगतो. कोणी मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही, हसलेच तर स्वतःला ओळखून हसतात. आयुष्यभराची शपथ कोणी घेत नाही. फक्त आजचा दिवस प्यायचे नाही, एवढेच ठरते. खोलीत ऐकलेले खोलीतच राहते. पुस्तकी वाटणाऱ्या या पद्धतीचा गुण शास्त्रीय कसोटीलाही उतरला आहे. वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कॉक्रन या संस्थेने २०२० साली २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक माणसांची माहिती तपासली. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत ए.ए. आणि तिच्याशी जोडून देणारे समुपदेशन हे इतर रूढ उपचारांपेक्षा सरस ठरल्याचे तीत दिसून आले.

आता आमचा मूळ प्रश्न. या खोलीत जाऊन मुसलमानाने आपला गुन्हा चारचौघांत सांगावा काय?

प्रश्न वरवरचा नाही. त्याच्यामागे दीनची शिकवण आहे. पैगंबरांनी (स.) सांगितले आहे की, जो आपल्या भावाचा ऐब झाकील त्याचा ऐब कयामतच्या दिवशी अल्लाह झाकील. बुखारीतल्या दुसऱ्या एका हदीसचा आशय असा की, रात्री केलेल्या गुन्ह्यावर अल्लाहने पडदा टाकलेला असताना जो सकाळी उठून तो स्वतःच जाहीर करत फिरतो, त्याला माफी मिळणे अवघड. आपल्याकडे पाद्र्यापुढे गुन्हा कबूल करण्याची प्रथा नाही. तौबा बंदा आणि अल्लाह यांच्यातली गोष्ट आहे. मग अनोळखी माणसांपुढे 'मी दारुडा' असे म्हणणे ही पर्दापोशीच्या विरुद्धची गोष्ट झाली, असा आक्षेप एखाद्या दीनदार माणसाने घेतला तर तो समजून घेतला पाहिजे.

पण आक्षेपाला उत्तर देण्याआधी आपली पर्दापोशी प्रत्यक्षात कशी चालते हे तपासले पाहिजे. आपला पंक्चरवाला पितो हे चहाच्या टपरीवर माहीत असते, न्हाव्याच्या दुकानात माहीत असते, त्याच्या मुलीसाठी रिश्ता आला की तो आणणाऱ्यांनाही कळवले जाते. माहीत नसते ते फक्त डॉक्टरला. ज्याच्यापुढे बोलले तर इलाज होईल त्याच्यापुढे पडदा, आणि ज्याच्यापुढे बोलल्याने बदनामीच होईल त्याच्यापुढे उघडे. ही पर्दापोशी नव्हे, ही गीबत झाली. सूरह अल-हुजुरातच्या १२ व्या आयतीत तिची बरोबरी मेलेल्या भावाचे मांस खाण्याशी केली आहे.

त्या हदीसमधला निषेध कोणाचा आहे तेही पाहावे. गुन्हा मिरवणाऱ्याचा आहे. 'काल काय मजा केली' असे सांगणाऱ्याचा आहे. त्यामुळे गुन्हा हलका होतो, दुसऱ्याला हिंमत येते. त्या बंद खोलीत कोणी मिरवत नसतो. तेथे सांगितलेल्या हकीकतीने दारू आकर्षक होत नाही, भयानक होते. आणि ऐकणारा टपरीवर जाऊन बोलणार नसतो, कारण त्याचीही हकीकत या खोलीत अमानत म्हणून ठेवलेली असते. जखम बाजारात दाखवणे आणि जखम हकीमापुढे उघडणे यांतला फरक आपण शरीराच्या बाबतीत जाणतो. पडद्याच्या बाबतीत कडक असलेला माणूसही इलाजासाठी पडदा बाजूला करणे जायज मानतो. मग हा इलाज त्याला अपवाद का असावा? खरे पाहता नाव न सांगण्याचा आणि ऐकलेले बाहेर न नेण्याचा नियम करून ए.ए.ने जे उभे केले ते पर्दापोशीच्याच जवळचे आहे. भावाला झाकायचे आणि त्याच झाकणाखाली त्याला धुऊन काढायचे. झाकून तसाच कुजू देणे याला टाकून देणे म्हणतात.

एक अट मात्र आम्ही मान्य करतो. सांगताना दुसऱ्याचा पडदा फाटता कामा नये. बायकोचे, भावाचे, संगतीच्या मित्रांचे ऐब सांगण्याचा हक्क पिणाऱ्याला नाही. सांगायचे ते स्वतःचेच.

दुसरा आक्षेप ए.ए.च्या पहिल्या पायरीवर घेतला जातो. त्यांच्या बारा पायऱ्यांपैकी पहिली अशी की, दारूपुढे आपण हतबल आहोत हे कबूल करणे. आणि पुढच्या पायऱ्यांत आपल्याहून मोठ्या शक्तीच्या हाती स्वतःला सोपवणे. हतबल आहे म्हटले तर हिशेब कसला द्यायचा, असे विचारतात. येथे आपल्याच रोजच्या बोलण्याकडे वाचकांचे लक्ष वेधू. रस्त्यावर झिंगलेला माणूस दिसला की आपण काय करतो? 'लाहौल' वाचतो आणि तोंड फिरवून पुढे जातो. त्या शब्दांचा अर्थ असा की, अल्लाहशिवाय कोणाकडे काही ताकद नाही, वाईटापासून वळण्याची नाही आणि चांगले करण्याचीही नाही. म्हणजे पहिल्या पायरीवर त्या खोलीतला माणूस जे बोलतो तेच आपण दिवसातून कितीदा बोलतो. फरक असा की, तो ते स्वतःविषयी बोलतो आणि आपण त्याच्याकडे पाहून. लाहौल मुळात बोलणाऱ्याच्या स्वतःच्या ताकदीविषयी आहे. दुसऱ्याच्या अंगावर थुंकण्यासाठी ते शब्द नाहीत.

हतबलतेची कबुली म्हणजे जबाबदारीतून सुटका नव्हे. पाय मोडलेला माणूस आपण चालू शकत नाही हे मान्य करतो तेव्हाच खाटेवर निजून दवाखान्यात जातो. 'मी ठरवले तर उद्या सोडीन' हे वाक्य पिणाऱ्याच्या तोंडी असते तोवर तो कोठेच जात नाही. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये तौबेचे तीन भाग सांगितले आहेत: आधी जाण, मग त्या जाणिवेने मनाची होणारी अवस्था, आणि मग कृती. आपला पंक्चरवाला पहिल्या दोन भागांत वर्षानुवर्षे अडकलेला असतो. गुन्हा आहे हे तो जाणतो, रात्री रडतोही. तिसऱ्या भागासाठी त्याला हात हवा असतो.

गुन्हा की आजार, हा वादही याच जागी सुटतो असे आम्हाला वाटते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९५६ साली मद्यासक्तीला आजार म्हटले. आज जगभरचे वैद्यक तसेच मानते. पहिला पेला माणूस आपल्या हाताने उचलतो, तो गुन्हा आहे आणि आजार म्हटल्याने तो पुसला जात नाही. पण पुढे अशी वेळ येते की शरीरच दारू मागते. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी थांबवले तर पहिल्या दोन-चार दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होतो, वेळेवर इलाज न झाल्यास माणूस दगावतोही. रमजानच्या आदल्या रात्री त्याला खोलीत कोंडून 'आता बघू कसा पितो' म्हणणाऱ्या घराने हे जरूर ध्यानात ठेवावे. आधी डॉक्टर, मग सभा. एखादा पिणारा रमजानचा महिना कोरडा काढतो आणि ईदच्या संध्याकाळी पुन्हा जातो. लोक म्हणतात, 'पाहा, मनात आणले तर राहता येते.' तीस दिवस सगळा मोहल्ला एका वेळी उठतो, एका वेळी उपाशी राहतो, एकत्र इफ्तार करतो, एकत्र तरावीहला उभा राहतो. तो एकटा राहिलेला नसतो, सगळ्यांबरोबर राहिलेला असतो. ईदला ती सोबत संपते.

दारूची मनाईसुद्धा एका दमात आली नाही. सूरह अल-बकराच्या २१९ व्या आयतीत आधी सांगितले गेले की, दारूत काही फायदेही आहेत पण तिचा गुन्हा फायद्यापेक्षा मोठा आहे. मग अन-निसाच्या ४३ व्या आयतीत नशेत नमाजजवळ जाऊ नका असे आले. शेवटी अल-माइदामध्ये पूर्ण मनाई झाली. पहिल्याच दिवशी दारू सोडा असा हुकूम आला असता तर लोकांनी ऐकले नसते, असे हजरत आयेशा (र.) यांचे म्हणणे बुखारीत आले आहे. यावरून आज कोणाला थोडी पिण्याची सवलत मिळते असा अर्थ कोणी काढू नये. मनाई पूर्ण आहे. पण सवय सुटायला वेळ आणि सोबत लागते हे ज्या शरियतने जाणले, तिचे अनुयायी एका कसमेवर माणूस सुधारावा असा हट्ट कसा धरतात?

नमाजीचेही तसेच. दारू पिणाऱ्याची चाळीस दिवस नमाज कबूल होत नाही, ही हदीस आपल्याकडे पिणाऱ्यालाही पाठ असते. तिचा पुढचा भाग सांगितला जात नाही: त्याने तौबा केली तर अल्लाह ती कबूल करतो. शिवाय उलेमांनी स्पष्ट केले आहे की, सवाब मिळाला नाही तरी नमाजीचे फर्ज माफ होत नाही. अर्धी हदीस ऐकून माणूस मशिदीची पायरी सोडतो, आणि मग त्याला हाक मारणारी जागा एकच उरते.

पैगंबरांच्या (स.) मदिनेत एक माणूस होता. त्याचे नाव अब्दुल्लाह, पण लोक त्याला 'हिमार' म्हणजे गाढव या टोपणनावाने हाक मारीत. तो पैगंबरांना हसवत असे. दारू प्याल्याबद्दल त्याला शिक्षा झाली होती. तो पुन्हा पिऊन सापडला, पुन्हा आणला गेला. कोणीतरी म्हणाले, अल्लाहची लानत असो याच्यावर, कितीदा आणला जातो हा! पैगंबरांनी त्याला रोखले आणि सांगितले की लानत करू नका, हा माणूस अल्लाहवर आणि त्याच्या रसूलवर प्रेम करतो. बुखारीतली ही हकीकत आहे. शिक्षा टळली नाही, दारू हलाल ठरली नाही. पण माणूस जमातीबाहेर गेला नाही. त्याच्या पिण्याच्या आत असलेले प्रेम ओळखणारे कोणीतरी त्या गावात होते.

घरातल्या बाईविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. नवरा पितो त्या घरी पडदा धरून उभी असते ती बायको. 'यांची तबियत बरी नाही' हे वाक्य तिचे. दुकानाची उधारी, मुलांच्या शाळेची फी, रात्रीचा मार, सगळे त्या पडद्यामागे. नशेत नवऱ्याच्या तोंडून तीनदा तलाक निघाला तर जुन्या हनफी फिक्हमधल्या प्रचलित मतानुसार तो लागू होत असे. सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आणि २०१९ चा कायदा यांमुळे एका दमात दिलेल्या तलाकला आज कायद्याने काही किंमत नाही. पण ज्या घराला हे कळलेले नाही तेथे भीती तशीच आहे. तिच्या इज्जतीसाठी आपण गप्प बसतो असे म्हणतो, तेव्हा आपल्या गप्प बसण्याची किंमत तीच मोजत असते. अमेरिकेत १९५१ साली घरच्या माणसांसाठी 'अल-अॅनॉन' हे वेगळे गट निघाले, ते यासाठीच. नवरा सभेला जावो वा न जावो, बाईला स्वतःसाठी चार बायकांत बसून बोलण्याचा हक्क आहे.

सभा ख्रिस्ती मुळाची आहे, तेथे प्रार्थना होते, हात धरतात, हा संकोच राहतो. ए.ए.ची मुळे ख्रिस्ती प्रार्थना-गटांत आहेत हे खरे आहे. पण तिने देवाचा अर्थ ज्याच्या त्याच्या समजुतीवर सोडला आहे. मुसलमान अल्लाह म्हणू शकतो आणि प्रार्थनेच्या वेळी मनात दुआ मागू शकतो. तेवढ्यानेही ज्यांचे समाधान झाले नाही अशा अमेरिकेतल्या मुसलमानांनी १९८९ साली बाल्टिमोर शहरात 'मिल्लती इस्लामी' नावाने स्वतःचे गट सुरू केले आणि बारा पायऱ्या इस्लामी शब्दांत मांडल्या. त्यांनी इतरांच्या विहिरीवर बहिष्कार घातला नाही, आपल्या अंगणात तशीच विहीर खणली.

शिरपूरला हे जमणार नाही काय? ए.ए.च्या रीतीप्रमाणे गट सुरू व्हायला दोन-तीन माणसे पुरतात. खोली लागते, आठवड्यातून दीड तास लागतो, आणि वेळ ठरवताना मगरिब-इशाचे भान ठेवले की झाले. खोली मशिदीतच हवी असे नाही. उलट ती थोडी बाजूला असली तर येणाऱ्याची पर्दापोशी होईल. गावातच पाऊल टाकायला लाज वाटत असेल तर पन्नासेक किलोमीटरवर धुळे आहे. सरकारी रुग्णालयात मनोविकाराचा डॉक्टर आधी गाठावा आणि सभेची चौकशी त्यालाच करावी. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी फोन क्रमांक फुकट आहे. नाव न सांगता विचारता येते. मशिदीच्या जबाबदार मंडळींना आमची एकच विनंती. वर्षातून निदान एका जुम्म्याला, बयानात दारूचा अजाब सांगून झाल्यावर, हे दोन क्रमांकही सांगावेत. ऐकणाऱ्यांत कोण कोणासाठी लक्षात ठेवतो आहे हे पाहायला मान वळवू नये.

आणि ज्याला सभेला जायचे आहे त्याला पहिल्या दिवशी एकट्याने दार ढकलणे फार जड जाते. तेव्हा शेजाऱ्याने, चुलतभावाने, दुकानातल्या भागीदाराने त्याच्याबरोबर बसमध्ये बसावे. आत जाण्याची गरज नाही, बाहेर चहाच्या गाडीवर दीड तास थांबावे. परतीच्या वाटेवर काही विचारू नये. बसस्टँडवर कोणी भेटला आणि कोठे गेला होतात असे त्याने विचारले, तर 'धुळ्याला थोडे काम होते' एवढेच सांगावे. झाकायचे ते एवढेच, आणि असेच.